ताटलीभोवतीचे अंगठे

कुणी कागद पुढे करून 'जरा वाचून दाखवा' म्हटलं, की अजूनही माझा घसा कोरडा पडतो. अर्जनवीस माणसाचा घसा कोरडा पडून कसं चालेल? तहसील कचेरीच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत, एक टेबल, एक टाइपरायटर आणि शाईचा एक पॅड एवढ्यावर मी अख्खं आयुष्य काढलं. लोकांची गाऱ्हाणी सरकारी मराठीत बसवायची आणि सरकारी मराठी लोकांना त्यांच्या बोलीत उकलून सांगायची, हाच माझा धंदा. वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आमचं. त्याचं नाव मी लिहीत नाही. गावाची लाज वाटते म्हणून नाही, माझी मलाच वाटते म्हणून.

अंजनाबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावात तिचा फोटो लावलेला आहे, तिच्या नावानं बाया एकत्र जमतात, आणि भाषण करणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, 'बाईंचे सगळे अर्ज यांनीच लिहिले.' टाळ्या पडतात. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

ती पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आली ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस. आमच्याकडे तेव्हा कापसाचे जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचे कारखाने, जोरात चालत. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागायची आणि गावभर कापसाचे तंतू उडायचे. जिनांत कापूस पसरायला, निवडायला, डोक्यावरून वाहायला बाया. तान्ही लेकरं असलेल्या बाया लेकराला कापसाच्या गंजीच्या कडेला निजवून कामाला लागत. ती आली त्याच्या आदल्या दिवशी कुणाच्याच लक्षात न येता अशा एका गंजीवर आणखी एक गाडी रिकामी झाली होती. लेकरू दबलं. बायांनी हातांनी उकरून काढलं, आणि ते वाचलं. दुसऱ्या दिवशी पाचसहा जणींना घेऊन ही बाई कचेरीत हजर.

उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर गोंदण, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. वयानं माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठी. समोरच्या बाकावर बसली ती परवानगी न विचारता.

"लिहितो तो तूच काय?"

"हो, बाई."

"मंग लिही. आमच्या लेकराइले सावली पायजे. अन् सगळ्याइले प्याले पानी. बस."

मी लिहिलं. 'नम्र विनंती की' अशी सुरुवात वाचून दाखवली, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"इनंती केली न बापू? मंग नम्र अल्लग काऊन लावतं? एकाच लुगड्याले दोन दोन पदर."

शेवटी 'आपल्या आज्ञाधारक' असं होतं. त्याचा अर्थ तिनं विचारला. मी सांगितला. ती बायांकडे वळून म्हणाली, "आज्ञा देल्ली काय वं कोनं आपल्याले? मीनं त नाई आयकली." ते शब्द खोडावे लागले. त्यानंतर तिच्या एकाही अर्जात मी कधी आज्ञाधारक लिहिलं नाही. बाकीच्यांच्या अर्जांत लिहीत राहिलो.

मग सह्यांचा प्रश्न आला. सगळ्या अंगठाबहाद्दर. मी म्हटलं, एकाखाली एक अंगठे लावा, बाजूला मी नावं लिहितो. कुणीच पुढे येईना. जिनातल्या मुकादमाची रीत सगळ्यांना माहीत होती. अर्जात पहिलं नाव जिचं, तिला दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत पाठवायचं. बाकीच्या मग आपोआप गप्प. अंजनाबाईनं थोडा विचार केला, शिदोरीच्या फडक्यातून जर्मनची छोटी ताटली काढली, ती माझ्या कागदावर पालथी घातली आणि माझ्याच पेनानं भोवती गोल आखला.

"आता लावा वं अंगठे, गोलगोल. पाहू दे मुकादमाले पयला कोनता अन् आखरी कोनता."

आतला बाबू म्हणाला, असा अर्ज चालत नाही. तिनं विचारलं, कुठं लिहिलं हाये? त्याला ते काही सापडलं नाही. अर्ज दाखल झाला. तेव्हापासून तिच्या प्रत्येक अर्जाला ताटली लागायची. 'पयलं नाव कोनाचंच नाई' हे तिचं पालुपद झालं, आणि तिच्या बाया ते उखाण्यासारखं म्हणायला लागल्या.

तिच्या दोन सवयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक म्हणजे बोलता बोलता समोरच्याच्या अंगावरचा कापूस वेचायची. जिनातल्या कापूस निवडण्याच्या कामानं बोटांना ती खोडच लागली होती. माझ्या बाहीवर, कॉलरवर एखादा तंतू दिसला की तो हलकेच उचलायची आणि बोलणं न थांबवता चुरगळून टाकायची. एकदा तहसीलदारसाहेबांच्याही खांद्यावरचा उचलला. साहेब दचकले. "बसा साहेब, कापूस हाये, चावत नाई," म्हणाली.

दुसरी सवय, टाइप झालेला कागद हातात न घेता म्हणायची, "आता वाच." मग डोळे मिटायचे, आणि टेबलावर एक बोट टेकवून ऐकायचं. सांगितलेला मजकूर तिला शब्दन् शब्द पाठ असे. मी घाईत एखादा शब्द गाळला की बोट उठायचं. "सावलीच्या पयले 'पक्की' सांगतली होती मी. कुठं गेली?" मी म्हणायचो, बाई, तुम्ही शिकला असता तर वकील झाला असता. त्यावर ती हसायची. "मले काऊन शिका लागते? तू हायेस न वाचाले."

हे वाक्य तिनं किती सहज म्हटलं होतं.

अर्जांना उत्तर आलं नाही. दोन हंगाम गेले. तिसऱ्या हंगामात पुन्हा तसंच एक लेकरू गंजीखाली दबलं, आणि या वेळी वाचलं नाही. अंजनाबाईच्या शेजारणीचं होतं ते. त्या दुपारी ती एकटीच आली, बाकावर बसली. अर्ज लिहायचा नव्हता. हातापायांना अजून माती होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कधी कधी वाटते बापू, ह्या जिनले काडीच लावून द्याव. सारं जळून जाऊ दे एकदाचं." मी तिला पाणी दिलं. ती प्याली आणि निघून गेली. आजूबाजूला कुणी नव्हतं. ते फक्त मी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून बायांनी कापसाच्या गाड्या अडवल्या. रस्ता तीन दिवस बंद होता. चौथ्या दिवशी पोलिसांच्या गाडीत घालून बायांना नेलं, आणि अंजनाबाईसह सात जणींनी पंधरा दिवस जेलात काढले. परत आल्यावर मी भीत भीत विचारलं, कसं होतं? म्हणाली, "मस्त. पानी टाइमावर येते, अन् बसाले सावली. जिनवाल्यानं जाऊन पायलं पायजे एखाद्या वेळी." सगळ्या हसल्या, मीही हसलो. पण तिच्या मनगटावरच्या बांगड्या फुटून तिथं कापल्याच्या खुणा होत्या. त्यावर ती पदर ओढून बसली होती.

आता माझ्यावर येतो.

जेलातून सुटूनही ती गप्प बसेना, तेव्हा तिला जिल्ह्यातूनच घालवायचं ठरलं. तडीपारी. एरवी ती गुंडांसाठी असते. तडीपारीसाठी साक्षी लागतात, पण साक्षीदारांना उघड येण्याची भीती वाटते असं दाखवून त्यांची नावं गुप्त ठेवता येतात. एका सकाळी पोलीस ठाण्यातले एक जमादार माझ्या बाकावर येऊन बसले. चहा मागवला.

"मुन्शीजी, ते बाई तुमच्याच टेबलावर बसते म्हनते. काय बोलते, काय नाई, दोन ओळी सांगा. नाव नाई येत कुठंच. साक्षीदार अ, बस."

मी म्हटलं, मला काही माहीत नाही. त्यांनी वर कडुनिंबाकडे पाहिलं.

"जागा मस्त हाये तुमची. सावलीत. आवार सरकारी हाये, नाई?"

मला दोन मुली. घरचं किराणा दुकान मोठ्या भावाकडे गेलेलं. हे टेबल गेलं की मी कुणीच नव्हतो. अशी कारणं मी त्या दिवसापासून मोजत आलोय, आणि मोजून झाल्यावर ती नेहमी कमीच पडतात. मी जबाब दिला. खोटं एक अक्षर सांगितलं नाही, याचा मला तेव्हा केवढा अभिमान! बाई बायांना जमवते, खरं होतं. गाड्या अडवा म्हणाली, खरं होतं. आणि 'जिनले काडी लावून द्याव' असं म्हणाली, हेही खरंच होतं. ते ती कोणत्या दिवशी म्हणाली, हातांना माती कसली होती, हे जमादारांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी वाढत होती.

"तुमी खोटं नाई न बोलले?"

"नाही."

"मंग जेवत काऊन नाई?"

आठ दिवसांनी अंजनाबाई नोटीस घेऊन आली. तडीपार का करू नये याचा खुलासा द्या, अशी. गुप्त साक्षींचा सारांश त्यात दिलेला असतो, नावांशिवाय. कागद तिनं माझ्यापुढे ठेवला, डोळे मिटले, बोट टेबलावर टेकवलं.

"आता वाच."

मी वाचत गेलो. 'साक्षीदार अ यांनी असे कथन केले की' इथपर्यंत आवाज ठीक होता. स्वतःचंच सांगणं सरकारी भाषेत धुऊन, इस्त्री करून समोर आलं होतं. मग ते वाक्य आलं. 'सदर महिलेने साक्षीदारासमक्ष जिनिंगला काडी लावून देण्याची भाषा केली.' मला वाटलं, हे उच्चारलं की ती डोळे उघडेल आणि सरळ माझ्याकडे पाहील. माझी नजर त्या ओळीवरून घसरली आणि खालच्या ओळीवर जाऊन थांबली. मी तिथून पुढे वाचलं.

बोट उठलं नाही. तो मजकूर तिनं सांगितलेला नव्हता. तो तिला पाठ नव्हता.

"एवढंच?"

"एवढंच, बाई."

"मंग त सोपं हाये. लिही जवाब."

तिनं एकेका आरोपाला उत्तर सांगितलं, मी टाइप केलं. गाड्या का अडवल्या, बाया का जमवल्या. सगळ्याला उत्तर होतं, एका ओळीला सोडून. एवढ्याशा वाक्याकडे साहेब कशाला पाहतील, अशी मी मनाची समजूत घातली. निघताना माझ्या कॉलरवरचा कापूस उचलून ती म्हणाली, "तू हायेस म्हून बरं हाये रे बापू."

हुकूम निघाला. वर्धा जिल्ह्यातून एक वर्ष हद्दपार. आतल्या बाबूनं मला त्याची प्रत दाखवली. सगळा हुकूम एका वाक्यावर उभा होता. 'जिनिंगला आग लावण्याच्या धमकीबाबत सदर महिलेने आपल्या लेखी उत्तरात कोणताही खुलासा केलेला नाही, सबब ते कथन तिला मान्य असल्याचे दिसून येते.' तिला तो हुकूम कुणी वाचून दाखवला नाही. ठाण्यात बोलावलं, अंगठा घेतला, जीपमध्ये बसवलं आणि जाम गावाच्या पुढे, नागपूरच्या वाटेवर, जिथं आपला जिल्हा संपल्याची पाटी आहे तिथं उतरवून दिलं. तिची एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला त्याच आठवड्यात माहेरी यायची होती. मुलगी आली. आई नव्हती.

बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर जिनातल्या बाया एस.टी.नं तिला भेटायला निघाल्या. मलाही घेतलं, काही लिहावं लागलं तर असावा म्हणून. नाही कसं म्हणू? पाटीच्या पलीकडे, बाभळीखाली, अंजनाबाई सकाळपासून येऊन बसली होती. जवळच्याच एका खेड्यात बहिणीकडे राहत होती आणि संत्र्याच्या बागेत कामाला जात होती. आम्ही पाटीच्या अलीकडे बसलो. बायांची रीतसर सभा झाली, निम्मी वर्धा जिल्ह्यात आणि अध्यक्ष नागपूर जिल्ह्यात. ट्रकवाले थांबून पाहत होते. "पाय तिकडं नोका येऊ देजा वं माहा," ती म्हणाली, "नाई त एका पायाले जेल होईन अन् एक पाय मोकळा राहीन." हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मुलगी उठली. कुशीतलं बाळ तिनं पाटीच्या पलीकडे दिलं. अंजनाबाईनं ते घेतलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. तिला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिथंही ती रडली नाही, फक्त बाळाच्या टोपीवरचा एक कापसाचा तंतू उचलला आणि तो टाकायचं विसरून गेली. मी बसकडे तोंड फिरवून उभा राहिलो. बाया म्हणाल्या, मुन्शीचं मन लई हळवं हाये.

निघताना तिनं मला हाक मारून सांगितलं, "बापू, गावात साक्षरतेचा वर्ग लागला हाये. जाऊन बसतो मी. तू इथं नाईस, मंग वाचाले कोन हाये मले?"

मी म्हटलं, छान आहे. घरी येईपर्यंत ती गाळलेली ओळ मी मनातल्या मनात वाचत होतो.

वर्ष संपल्यावर ती परतली. गावात हार घातले, बायांनी ओवाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या टेबलाशी आली. एकटी. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. काखेत ती ताटली. पिशवीतून तिनं नोटीस काढली. घडी घालून घालून कागद मऊ पडला होता. टेबलावर पसरला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि अक्षर लावून वाचायला लागली.

"सा...क्षी...दा...रा...स...म...क्ष..."

संपूर्ण ओळ वाचली. एकही अक्षर गाळलं नाही. या वेळी डोळे मिटून ऐकणारा मी होतो.

"चार दिस लागले मले हा कागद वाचाले," ती म्हणाली. "बाकी सारं मले पाठ होतं, तुह्या आवाजात. हे एकच कधी आयकलं नोतं."

"बाई, मी..."

"खोटं नाई हे. बोललो होतो मी. लेकरू पुरून आलतो त्या दिवशी." तिनं ओळीवरचं बोट उचललं. "वाचलं असतं न बापू, त मले समजलंच नसतं. म्हटलं असतं, मुकादमानं कुठूनतरी उचललं असन. अन् जवाब देल्ला असता. तू गाळलं, म्हून समजलं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं नोटीस घडी घालून पिशवीत ठेवली आणि दुसरा कागद काढला. वाकड्यातिकड्या, मोठ्या मोठ्या अक्षरांत तिनं स्वतः लिहिलेला अर्ज. लेकराइले पक्की सावली पायजे. सगळ्याइले प्याले पानी. खाली गोल आखलेला, भोवती अंगठेच अंगठे. आता तिला सही येत होती, तरी तिचाही अंगठाच होता, त्यांतला कोणता ते कळत नव्हतं. गोलात एका ठिकाणी बोटाएवढी जागा रिकामी होती.

"ही एक जागा ठेवली," ती म्हणाली. "पयलं नाव कोनाचंच नाई. लाव."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. वर्षभर जिल्ह्याबाहेर राहून, लेकीचं बाळंतपण हुकवून, ती माझ्यासाठी एवढी जागा राखून आली होती. मी पॅड उघडला. अंगठा शाईवर दाबला. उचलला.

समोर कचेरीच्या व्हरांड्यात ते जमादार उभे होते. चहा पीत होते. माझ्याकडे पाहत होते की नव्हते, देव जाणे. मी आजवर त्याची खात्री करू शकलेलो नाही.

"उद्या," मी म्हणालो. "उद्या लावतो, बाई."

तिनं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे.

"बरं," म्हणाली.

कागद उचलून तिनं ताटलीवर ठेवला. माझ्या बाहीवर कापूस होता. तिची नजर त्याच्यावर गेली, आणि तिनं तो राहू दिला. मग वळली आणि आवार ओलांडून कचेरीच्या पायऱ्या चढून आत गेली, अर्ज दाखल करायला, त्या रिकाम्या जागेसकट. उद्यापर्यंत थांबायला तिला वेळ नव्हता. माझ्याकडे ती पुन्हा कधीच आली नाही. रस्त्यात भेटली की राम राम करायची, आणि माझ्याबद्दल तिनं कुणालाही काही सांगितलं नाही. म्हणून तर लोक अजून माझ्यासाठी टाळ्या वाजवतात.

ती आत दिसेनाशी झाल्यावर मी ओला अंगठा कुठं पुसावा हे न सुचून टेबलाच्या खालच्या बाजूला दाबला. तिथं तो अजून आहे. मी कधी कधी हात खाली घालून ती जागा चाचपतो.